छप्पन्न मापाचं हेल्मेट

हेल्मेट निवडताना लोक आधी रंग बघतात. मी त्यांना रंग बघू देतो, त्यांचा उत्साह जरा उतरू देतो आणि मग फीत काढतो. भुवयांच्या बोटभर वर, कानांच्या वरून, मागे डोक्याचा जो सगळ्यात फुगीर भाग असतो तिथून फीत फिरवायची. तीनदा मोजायचं आणि सेंटिमीटरमधला सगळ्यात मोठा आकडा माप म्हणून धरायचा. हेल्मेट चढवल्यावर गाल आत दाबले गेले पाहिजेत. पाव तास तसंच बसायचं. काढल्यावर कपाळावर लाल वळ दिसला, तर त्या हेल्मेटचा आकारच त्या डोक्यासाठी नाही. ते कितीही देखणं असो, परत ठेवायचं. मोटरसायकलचं हेल्मेट तर मी हातातही घेत नाही. शर्यतीच्या गाडीच्या हेल्मेटचं अस्तर आगीत पेटत नाही आणि आतून गाडीच्या छताखालच्या सळईवर डोकं आपटलं तरी ते टिकतं, हे मी सव्वीस वर्षं सांगतो आहे. निम्मे लोक ऐकतात.

माझं नाव व्हर्लिन कोल्टरमन. अमेरिकेत, नेब्रास्कातल्या टिलमन गावाबाहेर दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला एक विमानतळ आहे. विमानं कधीच गेली, धावपट्टी राहिली. तिच्या काँक्रीटच्या भेगांतून गवत उगवतं आणि तिन्ही बाजूंना मका असतो. महिन्याच्या तिसऱ्या रविवारी आमचा क्लब तिथे केशरी शंकू मांडून वळणावळणाचा रस्ता तयार करतो. एका वेळी एक गाडी सुटते, घड्याळ लागतं, शंकू पडला की दोन सेकंदांचा दंड. निम्मा दिवस गाडी चालवायची आणि निम्मा दिवस उन्हात उभं राहून दुसऱ्यांनी पाडलेले शंकू उचलायचे, अशी आमची पद्धत आहे. सुरक्षेची जबाबदारी माझी. सकाळी प्रत्येकाचं हेल्मेट मी तपासतो. आतल्या शिक्क्यावरचं वर्ष दहा वर्षांहून जुनं असलं की हनुवटीचा पट्टा तिथल्या तिथे कात्रीने कापतो, म्हणजे पुन्हा कुणी ते घालायला नको. लोक हळहळतात. मी कापतो.

पहिल्यांदाच येणाऱ्यांसाठी आमच्याकडे एका टेबलावर उसनी हेल्मेटं मांडलेली असतात. जुन्या सभासदांनी आपापलं आणायचं. हा नियम मीच केला होता.

तीन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये माझी मुलगी केंड्रा हेल्मेट घरी विसरून आली. ती चोवीस वर्षांची होती आणि क्लबमधल्या निम्म्या पुरुषांपेक्षा वेगवान होती, ते त्यांना आवडत नसे. टेबलावर चार हेल्मेटं रिकामी पडली होती. त्यातलं एक तिच्याच, छप्पन्न मापाचं होतं.

"बाबा, एक दिवस. कुणी घेत पण नाहीये," ती म्हणाली.

"ती नवख्यांसाठी आहेत. तू नवखी आहेस का?"

"तू दिलंस तर कोण विचारणार आहे तुला?"

"म्हणूनच देत नाही."

आदल्याच महिन्यात मी एका माणसाला याच कारणावरून घरी पाठवलं होतं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं कुणी म्हणायला नको होतं मला. केंड्रा हसली, मला खडूस म्हणाली, आणि हात पुढे करून माझ्याकडे घराची किल्ली मागितली. तिची स्वतःचीही घरीच राहिली होती. घर अकरा मैलांवर. वेळ मोजणारी फर्न पॉस्पिसिल शेजारीच बसली होती. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

ऑगस्टात इकडे मका डोक्याच्या वर जातो. मातीच्या रस्त्यांच्या चौकात ना पाटी असते ना दिवा. चारी बाजूंना हिरव्या भिंती. धान्याच्या ट्रकवाल्याला ती दिसली नाही आणि तिला ट्रक दिसला नाही. ती परत येत होती. हेल्मेट शेजारच्या सीटवर पट्टा लावून नीट बांधलेलं होतं. आम्ही सगळेच तसं बांधतो, नाहीतर ते वळणावर गडगडत खाली जातं. त्याला ओरखडासुद्धा आला नव्हता.

ती हेल्मेट विसरली म्हणून घरी परत गेली होती, एवढंच माझ्या बायकोला, अर्लिसला माहीत आहे. मी टेबलावरचं दिलं नाही, हे माहीत नाही. सांगायचं ठरवून मी कितीदा तरी तिच्यासमोर बसलो आहे. आणि मग हवेबद्दल बोलून उठलो आहे.

केंड्राचं हेल्मेट घरात ठेवलं असतं तर अर्लिसने कधीतरी काही विचारलं असतं. म्हणून पुढच्या वसंतात मी ते उसन्या टेबलावर आणून ठेवलं. अपघातातून गेलेलं हेल्मेट वापरायचं नसतं. हे मी दुसऱ्यांना बोटं नाचवून सांगतो. पण ते बांधलेलं होतं, कशावर आपटलं नव्हतं, अशी मी माझी समजूत घातली आणि आत त्या वर्षाच्या तपासणीची चिकटपट्टी लावली. त्याच दिवशी नियमही बदलला. जो मागेल त्याला हेल्मेट द्यायचं.

ते पहिल्यांदा एका शाळामास्तरणीने नेलं. तिचं माप छप्पन्नच होतं, त्यामुळे मला काही वेगळं वाटलं नाही. दुसऱ्यांदा डुकरं पाळणाऱ्या एका शेतकऱ्याने ते उचललं. त्याचं डोकं कलिंगडाएवढं. मी स्वतः फीत लावली होती, बासष्ट. मी त्याला म्हटलं, हे तुझ्या कानापाशीच अडकेल. त्याने चढवलं आणि ते बसलं. मी दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिलं. कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर सरकत होती, म्हणजे अगदी हवं तसं बसलं होतं. काढल्यावर कपाळावर वळही नव्हता. मी फीत पुन्हा लावली. बासष्टच.

अस्तर दबलं असेल, असं मी म्हटलं. पण दबलेलं अस्तर पुढच्या महिन्यात पुन्हा छप्पन्नच्या डोक्याला घट्ट कसं बसलं, ते मला माझं मलाही सांगता येईना.

मग फर्नने एक गोष्ट दाखवली. ती टापटिपीची बाई आहे. प्रत्येक फेरीचा कागद जपून ठेवते. ते हेल्मेट घालून गेलेला प्रत्येक जण लांबच्या टोकाला, जिथे धावपट्टी कुंपणाला लागते आणि पलीकडे गावाकडचा रस्ता दिसतो, तिथे हळू होत होता. वळण तिथे सोपं आहे, ब्रेकची गरजच नसते. तरीही मागचे लाल दिवे लागायचे. सात जणांनी ते हेल्मेट नेलं होतं. सातही जणांचे लागले.

मी मास्तरणीला विचारलं. ती संकोचली. म्हणाली, हसू नका, पण तिथे आल्यावर कुणीतरी मागे राहिलंय असं वाटलं. शेतकऱ्याला विचारलं, तर तो बराच वेळ टोपी फिरवत बसला. "पोरांना शाळेतून आणायचं विसरल्यावर कसं होतं, तसं झालं," तो म्हणाला. त्याला मुलंबाळं नाहीत.

त्यानंतर मी ते कुणाला दिलं नाही. टेबलावर ठेवायचो आणि स्वतः समोर बसून राहायचो. लोकांना वाटायचं, म्हातारा सावलीला बसलाय.

या ऑक्टोबरात त्याच्या शिक्क्याची दहा वर्षं भरत होती. हंगामाचा शेवटचा रविवार होता. मका निम्मा कापून झाला होता, यंत्रांची धूळ मैदानावर येत होती. फर्नने सकाळीच कात्री माझ्यासमोर आणून ठेवली.

"तू कापतोस की मी कापू?" ती म्हणाली.

"एक फेरी मारून येतो. मग कापतो."

तीन वर्षांत मी गाडी पळवली नव्हती. माझी दोन सीटची जुनी छोटी गाडी आहे, फक्त सामान ने-आण करायला राहिलेली. शेजारची सीट मी मुद्दाम रिकामी केली. माझं डोकं एकसष्ट. केंड्राचं हेल्मेट मी दोन्ही पट्टे ओढून डोक्यावर घेतलं आणि ते कुठेही न अडकता बसलं. गाल दाबले गेले. आत तिचा काहीतरी वास असेल असं मला वाटलं होतं. काहीच नव्हता. मला फार वाईट वाटलं.

मी सुटलो.

हात विसरले नव्हते. शंकू दोन्ही बाजूंनी जात होते, टायर काँक्रीटच्या सांध्यांवर टकटक वाजत होते. लांबच्या टोकाला मी ब्रेक लावणार नाही असं मी ठरवलं होतं. उजवा पाय मी तसाच दाबून धरला.

आणि मग ते आलं. आवाज नाही, स्पर्श नाही. कुणीतरी मागे राहिलंय आणि ते मी केलंय, एवढंच. सात जणांना पहिला अर्धा भाग कळला होता. दुसरा फक्त मला कळला.

पाय आपोआप उचलला गेला.

त्याच क्षणी समोर लाल निशाण दिसलं. लाल निशाण म्हणजे जिथे असाल तिथे थांबायचं. मी थांबलो.

त्या टोकाला निशाण घेऊन डेल्मर ऑस्टरहाउट उभा होता. सत्तरीचा माणूस, पिकांवर औषध फवारायचं विमान चाळीस वर्षं चालवलेला. नजर अजून घारीची. तो याच उन्हाळ्यात डकोटातून राहायला आला होता. केंड्रा गेल्याचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे सांगत नाहीत. तो तणतणत माझ्या खिडकीपाशी आला.

"व्हर्लिन, तू सगळ्यांचे पट्टे कापतोस ना? मग शेजारी पोरगी बसवलीस, तिच्या डोक्यावर काय आहे?"

त्याने वाकून आत पाहिलं. मग सरळ होऊन त्याने गाडीच्या मागे पाहिलं, कुंपणाकडे पाहिलं, पुन्हा आत पाहिलं.

"बसली होती," तो हळूच म्हणाला. "मी दोन वळणं बघत होतो तिला."

"घाबरली होती का?"

मी हे विचारलं. तीन वर्षं मला फक्त एवढंच कुणालातरी विचारायचं होतं.

डेल्मरने विचार केला. तो खोटं बोलणारा माणूस नाही. "नाही," तो म्हणाला. "हसत होती. आणि तुझ्यासमोर हात पुढे करून होती. आपण काही मागतो ना, तसा."

लाल निशाणाने अडवलेल्या गाडीला पुन्हा फेरी मिळते, हा नियम आहे. मी सावकाश परत आलो, इंजिन बंद केलं आणि टेबलाकडे चालत गेलो. छप्पन्न मापाचं एक पांढरं हेल्मेट होतं, यंदाच घेतलेलं. मी आतला शिक्का पाहिला, पट्टा ओढून पाहिला, अस्तर अंगठ्याने दाबून पाहिलं. तपासल्याशिवाय मी कुणाला देत नाही. मग ते नेऊन शेजारच्या सीटवर ठेवलं आणि सीटचा पट्टा लावला. फर्न वेळ मोजायच्या तिच्या व्हॅनच्या खिडकीतून हे सगळं बघत होती. तिने डोळे पुसले आणि मला सुटायची खूण केली.

लांबच्या टोकाला मला काहीच वाटलं नाही. पाय उचलला गेला नाही. वळण सोपं होतं, तसं गेलं.

मी शेवटची रेघ ओलांडून फर्नच्या व्हॅनशेजारी थांबलो. तिच्या रेडिओवर प्रत्येक टोकावरचा माणूस फेरीनंतर पडलेले शंकू कळवतो. डेल्मरचा आवाज आला, अगदी रोजचा.

"लांबचं टोक. एकही शंकू पडला नाही." मग थोडा वेळ नुसती खरखर. "दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट आहे."

फर्न "ठीक" म्हणाली.

मी शेजारी वळून पाहिलं. सीटचा पट्टा लावलेलाच होता, ताणलेला. पांढरं हेल्मेट सीटवर नव्हतं. सीटखाली नव्हतं, मागे नव्हतं, आणि त्या गाडीत दुसरी जागाच नाही. आम्ही नंतर धावपट्टी पायी पालथी घातली, कुंपणापर्यंत.

दुपारी मी केंड्राच्या हेल्मेटचा पट्टा कापला. मग उसन्या हेल्मेटांची वही पुढे ओढली आणि पांढऱ्या हेल्मेटसमोर केंड्राचं नाव लिहिलं, माप लिहिलं. परत आल्याची खूण करायचा रकाना मी रिकामा सोडला.