कंगवा धरणारा हात

तो दुकानात आला तेव्हा मी एका आजींच्या केसांना रंग लावत होते. "बसा हं, झालंच," मी मागे न बघताच म्हणाले. पण खुर्ची काही वाजली नाही.

वळून पाहिलं, तर केस पार विस्कटलेला एक उंच माणूस खिडकीपाशी उभा. माझे टॉवेल ज्यावर वाळत होते, त्या कृत्रिम हाताकडे टक लावून.

"हा... हा हात इथे कसा?"

"माझाच आहे." मी डावी बाही वर सरकवली. माझा डावा हात कोपराच्या जरासा खाली संपतो, जन्मापासूनच. "मला उपयोग नाही, म्हणून टॉवेलांना दिला. का हो?"

"तो मी बनवलाय," तो हळूच म्हणाला. "नखांचा रंगसुद्धा..."

आजी खुदकन हसल्या. मी मात्र ओशाळले. कृत्रिम अवयवांच्या केंद्रात माझं माप दुसऱ्याच कुणीतरी घेतलं होतं, बनवणाऱ्याचं तोंड मी कधी पाहिलंच नव्हतं. आता पाहिलं... आणि ते तोंड चांगलंच पडलेलं होतं.

आजी गेल्यावर तो खुर्चीत बसला.

"एक आजोबा तर असाच हात घालून आनंदाने रडले होते," तो आरशातून म्हणाला.

"त्यांना जेवण कोण भरवतं?"

"सून."

"मग त्यांना हात दिसायला हवा होता. मला राबायला हवाय. हा घातला की साधी बरणी उघडत नाही, काढला की उघडते!"

"म्हणजे त्यांचं समाधान खोटं?"

"खोटं कशाला? त्यांचं त्यांना, माझं मला. मान खाली घ्या."

मशीनने त्याचे केस कापले. कात्री-कंगव्याचं बारीक काम मला जमत नसे. दोन्ही एकदम धरणार कशी? ते त्याने न विचारताच ओळखलं. जाताना म्हणाला, "कंगवा धरणारा हात बनवला तर... वापराल?"

"बघू."

मग तो वरचेवर येऊ लागला. पहिल्या हातातून कंगवा सुटून थेट पाण्याच्या भांड्यात पडला. दुसऱ्याने त्याचा कान ओढला.

"कान राहू द्या, लागतो मला!"

"कशाला? माझं तर ऐकत नाही तुम्ही."

"ऐकतो की... तेवढ्यासाठीच तर येतो."

मी त्याची मान जरा जोरातच खाली दाबली.

तिसरा हात खरंच छान होता. हलका, मनगटाशी फिरणारा. पण त्याचे पट्टे दंडामागे बांधायचे होते.

"तुमची आई आहे ना घरी," तो सहज म्हणाला. "सकाळी बांधून देईल."

मी हात काढून त्याच्या मांडीवर ठेवला. "आईने बांधायचा असेल तर तो हात आईचा झाला. ती गावाला गेली की मी दुकान बंद ठेवू?"

त्याने तो हात मुकाट्याने पिशवीत घातला. वाटलं, दुखावला, आता यायचा नाही. पण आठवड्याने आला. नव्या हाताला पट्टाच नव्हता. नुसता आत सरकवायचा, कोपर वाकवला की घट्ट. मी घातला. काढला. पुन्हा घातला. आणि पहिल्यांदाच माझी कात्री कंगव्यावरून सरसर चालली. डोळे भरून आले, तरी कापतच राहिले.

"आता काही तक्रार?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हणाले. खोटं बोलायला काय झालं होतं मला?

त्याच्या डोक्यावर कापण्याजोगं काही उरलं नव्हतं. तो यायचा थांबला.

दुकानात गर्दी वाढली. नवे लोक येऊ लागले. पण दार वाजलं की माझी मान वळायची... आणि दुसरंच कुणीतरी असायचं.

"हात तर छान चाललाय," एकदा आई म्हणाली. "मग तुझं काय बिघडलंय?"

सुट्टीच्या दिवशी मी हात घरीच ठेवला आणि केंद्रात गेले. मागच्या खोलीत तो प्लास्टर कालवत होता. फळ्यांवर रांगेने हातच हात.

मला पाहून तो गडबडला. "हात मोडला का? कुठे आहे?"

"मजेत आहे."

"मग... काय हवंय?"

येताना कितीतरी वाक्यं जुळवली होती. एकही आठवेना.

"हात मागायला आलेय," मी म्हणाले. "तुमचा."

तो कानापर्यंत लाल झाला. फळ्यांकडे बघत पुटपुटला, "कुठला? इथे... बरेच आहेत."

"जो बनवलेला नाही, तो."

त्याने घाईघाईने हात पुसला. वाटलं, माझा उजवा हात धरेल, सगळे तोच धरतात. पण त्याने माझा डावा, तोकडा हात अलगद आपल्या तळव्यात घेतला.

"प्लास्टर लागतंय तुला..."

"लागू दे रे," मी म्हणाले.