वाचनालयाच्या भिंतीवरची रेघ

पुराला पन्नास वर्षं होत आली, म्हणून वाचनालयाच्या भिंतीवरची पाण्याची रेघ नव्याने रंगवायला पेंटरला बोलावलं होतं. अर्ध्या दिवसाचं काम. भर दुपारी तो शिडीवरून दोन पुरुष उंच चढला. खाली ग्रंथपाल बाई शिडी धरून उभ्या.

"रेघ सरळ येऊ द्या हो. पाणी काही वाकडं नव्हतं आलं."

पेंटर हसला. पण रंग टिकेना. ऐन उन्हाळ्यात भिंत ओली! फडक्याने पुसावी, की पुन्हा पाझरे. गाळाचा कुबट वास नाकात बसला. तेवढ्यात भिंतीच्या आतून, अगदी कानाशी, कुणीतरी दबकत विचारलं,

"दादा... पाणी कुठवर आलंय?"

एखादा वाचक चेष्टा करतोय असं वाटून तो म्हणाला, "अहो, पाणी केव्हाच उतरलं. पन्नास वर्षं झाली!"

आत मग कितीतरी आवाज एकदम कुजबुजले. त्यांतून एका मुलीचा रडवेला आवाज आला, "मग आम्हाला कुणी सांगितलं का नाही?"

पेंटरच्या हातातला ब्रश गळून पडला.

"बाई... या भिंतीमागे काय आहे?"

"जिना होता. पुराच्या वेळी वरचं दार उघडलंच नाही. सातजण अडकले. माझी ताईसुद्धा... नंतर तो विटांनी बुजवला. का हो?"

तो सांगायला तोंड उघडणार, तोच शिडी हादरली. गार, ओलं काहीतरी त्याच्या पाठीला घासून खाली उतरलं. मग दुसरं. मग तिसरं... डोळे गच्च मिटून त्याने शिडीला मिठी मारली.

डोळे उघडले तेव्हा शिडीच्या पायरीपायरीवर गाळाने माखलेल्या पावलांचे ठसे होते. खाली बाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या.

"आत्ता माझ्या गालावरून हात फिरवून... कोण गेलं?"

तापल्या रस्त्यावरून ठसे वेगवेगळ्या घरांकडे पांगले होते. लहान पावलांची एक जोडी थेट समोरच्या घराच्या उंबऱ्यापर्यंत गेली होती.

"ते माझं घर..." बाई पुटपुटल्या.

"आत कोण असतं?"

"कुणी नाही. एकटीच राहते मी. ते बघा, बाहेरून कुलूप आहे..."

कुलूप तसंच लटकत होतं. आणि त्या दाराला आतून कुणीतरी हलकेच कडी लावली.