एका खांबाचा मांडव

नागरत्नाला शिवराज पहिल्यांदा दिसला तो उलटा.

मावसबहिणीच्या लग्नाला ती खजुरीला गेली होती. मांडवाच्या आडव्या बांबूला पाय अडकवून, डोकं खाली सोडून एक पोरगा झालर बांधत होता. तोंडात सुतळी, कपाळावर घाम, आणि डोळे… डोळे सरळ तिच्याकडं.

"ओ मांडववाले," ती खालून म्हणाली, "झालर उलटी लावायलात तुमी. शिवण वर आलीय."

त्यानं तोंडातली सुतळी काढली. "मला तर सरळ दिसायलीय."

"तुमीच उलटे हाव, म्हनून!"

तो एवढा हसला की त्याचा एक पाय सुटला आणि तो दुसऱ्या पायावर वटवाघळासारखा झुलत राहिला. नागरत्ना पदर तोंडावर घेऊन पळाली. पण पळताना मागं वळून बघितलं. बघायला नको होतं… पण बघितलं.

तिच्या गावात, मंठाळात, तिचं शिलाईचं काम होतं. उलटी शिवण दिसली की तिला घासात केस आल्यासारखं व्हायचं. त्यामुळं पंधरवड्यानं शिवराज फाटकी झालर घेऊन दारात उभा राहिला तेव्हा तिनं ती मुकाट्यानं शिवून दिली. मग आणखी एक झालर आली. मग आणखी एक.

"खजुरीत शिंपी न्हाई व्हय?" तिनं विचारलं.

"हाय की. पर तो माझी चूक काढत न्हाई."

आत भाकरी थापता थापता आई, बसव्वा, मोठ्यानं म्हणाली, "झालर फाटायलीय, का कुणी फाडायलंय?"

शिवराजचे कान लाल झाले. पुढच्या वेळी तो झालर न घेताच आला, बापाला घेऊन. साखरपुडा झाला आणि वैशाखातली तारीख धरली.

आणि चैत्रातच शिवराज तुरुंगात गेला.

खजुरीच्या वरच्या अंगाला खडीचा क्रशर होता. सुरुंग उडाला की शाळेच्या फळ्यावरचा खडू खाली पडायचा. मग भिंतीला भेग गेली. गावानं अर्ज केले, खेटे घातले, कुणी ऐकलं नाही. तेव्हा शिवराजनं आपल्याला येत होतं ते केलं. क्रशरच्या रस्त्यात आडवा मांडव घातला. चांगला, झालर लावून! खाली सतरंज्या, वर कापड, आणि बायाबापड्या मध्ये बसलेल्या. पलीकडं टिपरची रांग. लोक म्हणायचे, असा मांडव त्यानं सावकाराच्या लग्नातही घातला नव्हता.

शेवटी पोलीस आले. त्या गडबडीत विरुपाक्ष नावाचा हवालदार दोरीत पाय अडकून तोंडावर आपटला आणि त्याचा पुढचा दात गेला. क्रशरमालकानं फिर्यादीत लिहून दिलं, शिवराजनं ढकललं. शिवराज कलबुर्गीच्या तुरुंगात गेला. त्याचे खांब, दोऱ्या, कापड, सगळं जप्त होऊन ठाण्याच्या आवारात पडलं.

"तारीख पुढं ढकलू या," नागरत्नाचे अप्पा, गुरुबसव, म्हणाले. पुढं ढकलू म्हणजे मोडू, हे घरात सगळ्यांना कळत होतं.

मठाच्या स्वामींनी मेढ रोवायचा जो दिवस काढून दिला होता, त्या सकाळी नागरत्नानं पाच सवाष्णी बोलावल्या. पाचीही तिच्या गिऱ्हाईक, पाचींची पोलकी तिच्याकडंच शिवायला. अप्पा शेतातून येईपर्यंत अंगणात खड्डा खणून, हळदकुंकू वाहून, आंब्याचा डहाळा बांधून मेढ उभी होती. मांडवाचा पहिला खांब. तो एकदा रोवला की लग्न लागल्याशिवाय कुणी उपटत नाही.

अप्पांनी खांबाकडं बघितलं. मग चपला काढून घरात गेले.

शेजारच्या शोभाबाईला मात्र राहवलं नाही. "नवरा आत, आन खांब भायेर! एका खांबाचा मांडव व्हय गं तुझा?"

"अक्का, तुमच्या लग्नातबी आधी एकच रोवलता. चार संगं कुणाचे उगवतेत?"

असं म्हणून नागरत्नानं मेढीला अंग घासणाऱ्या शेळीला हाकललं. पुढं महिनाभर तिचं ते एक कामच झालं. मशीन चालवता चालवता "हाट्! हाट्!"

भेटीला ती बसनं कलबुर्गीला गेली. जाळीपलीकडं शिवराज बसला होता. वाळला होता, पण डोळे तेच. यावेळी सरळ होता, एवढंच.

"मेढ रोवली म्हनं," तो म्हणाला. "गाठ कशी मारलीस?"

"साडीची मारतो तशी."

"अगं बाई!" त्यानं कपाळाला हात लावला. "वारं सुटलं की डहाळा शोभाबाईच्या घरात जाईल. बघ हिकडं. आधी आडवा वेढा… मग खालनं वर… आता टोक स्वतःच्याच पोटातनं काढायचं."

त्याच्या हातात दोरी नव्हती, नुसती बोटं हवेत फिरत होती. ती बघून बघून आपल्या पदराला गाठ मारायला लागली.

"उलटी मारायलीस," तो म्हणाला.

"मला तर सरळ दिसायलीय."

दोघं एकदम हसले. दारातला शिपाई वळून बघायला लागला तसा शिवराज जाळीजवळ सरकला.

"रत्ना… मालकाचा मानूस आलता. म्हनला, चार लोकांत माफी माग, परत रस्त्यात हुबा राहनार न्हाई म्हनून कबूल हो, फिर्याद मागं घेतो. हळदीच्या आत घरी." त्यानं खाली बघितलं. "हो म्हनावं वाटायलंय. तुला लोकं काय काय बोलत असतील…"

तिच्या गळ्यापर्यंत आलं होतं, हो म्हणा. या तारखेसाठी तिनं काय नाही केलं! गिऱ्हाइकांच्या पोलक्यांच्या चिंध्या जमवून तिनं मांडवाचं अख्खं छत जोडत आणलं होतं. इरकली, खण, जरीचे तुकडे, सगळ्या गावाची अंगं त्यात होती. आणि एवढं करून नवराच नसेल तर?

"शाळेची भेग बुजली व्हय?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"मग माफी कशाची मागायलास?"

आजवर ती त्याला 'तुमी' म्हणायची. तो चमकून वर बघायला लागला.

"माझ्या मांडवाला वाकलेला खांब नको मला," ती म्हणाली. तिची मान ताठ होती. "तारीख गेली तर जाऊ दे. मेढ हाय. मी हाय. शेळ्यांला हाकलत बसंन."

शिवराज नुसता बघत राहिला, आणि त्या बघण्यानं नागरत्नाला वाटलं, हळद आजच लागली.

"टाइम आयतु!" शिपाई कानडीत ओरडला. भेटीची वेळ संपली.

वकिलानं कोर्टात अर्ज टाकला. जामीन मिळाला नाही. पण लग्नासाठी एक दिवस मिळाला, सकाळी न्यायचं, दिवस मावळायच्या आत परत, पोलिसांच्या पहाऱ्यात.

दिवस मिळाला, पण मांडव? खांब तर ठाण्यात. लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी अंगणात अजून तो एकच खांब उभा होता, आणि शोभाबाई कठड्यावर बसून फजितीची वाट बघत होती.

तेवढ्यात दोन ट्रॅक्टर आले. खजुरीचं वऱ्हाड! आणि प्रत्येक घराचा एक एक खांब. कुणाचा बांबू, कुणाची बाभळ, कुणी बैलगाडीची जुनी धुरी आणलेली, कुणी टीव्हीच्या छत्रीचा पाइप. शाळेच्या गुरुजींनी चक्क झेंड्याची काठी आणली होती.

"आमच्या शाळंसाठी त्यानं मांडव दिला," शिवराजचे वडील शंकरप्पा म्हणाले, "आता आमी त्याला द्यायलो."

अप्पांनी खांदा दिला. शोभाबाई उठली, घरात गेली, आणि पाळणा टांगायला ठेवलेला सागवानी वासा ओढत घेऊन आली. "बघायलीस काय? धर की एका टोकाला!"

सकाळी जीप आली. शिवराज उतरला, आणि त्यानं नवरीकडं बघायच्या आधी मांडवाकडं बघितलं. जातीचा मांडववाला तो! उंचसखल खांब, वर चिंध्यांचं रंगीत आभाळ. एकेक गाठ ओढून बघत, "ढिली… ही बी ढिली…" करत तो मेढीपाशी आला. तिथली गाठ ओढली. परत ओढली. हलली नाही.

"ही कुनी मारली?"

"ज्यानं शिकवली त्याला इचारा," मुंडावळ्यांतून उत्तर आलं.

त्याच्यामागून पहाऱ्याचा हवालदार येत होता. पुढचा दात नसलेला विरुपाक्ष! वर छत बघत आला, आणि कोपऱ्यातल्या ताणाच्या दोरीत त्याचा पाय अडकला. तो पडणार, तोच शिवराजनं झेप घेऊन त्याला मिठीत धरलं. लग्नाचा नवरा आणि वर्दीतला हवालदार, एकमेकांच्या गळ्यात!

सगळा मांडव हसला. विरुपाक्ष टोपी सावरत दोरीकडं बघत राहिला.

"त्या दिवशीबी… असंच झालतं," तो हळूच म्हणाला. "मला वाटलंतं, मागनं कुनीतरी ढकललं."

हसणं थांबलं.

"मग कोर्टात असंच सांगा की, अण्णा," नागरत्ना म्हणाली.

विरुपाक्षनं तिच्याकडं बघितलं, मग अक्षता घेऊन उभ्या असलेल्या गावाकडं. "सांगतो, अव्वा. ह्या मांडवात हुबा राहून शबूद देतो, सांगतो."

अक्षता पडल्या. गव्हाची हुग्गी, मऊ गोड खीर, झाली. विरुपाक्षनं दोनदा मागून घेतली, दात लागत नाहीत म्हणून. आणि उन्हं कलली तशी जीप सुरू झाली. शिवराज चढताना थांबला.

"रत्ना, मांडव…"

"मांडव सोडतेत उद्या. ज्याचे खांब त्याला देतो. पर मेढ ऱ्हाईल."

"लगीन लागलं की. आता कामून?"

"घट्ट गाठ हाय," ती म्हणाली. "मला बांधायला शिकवलीस. सोडायची न्हाई शिकवलीस. ती तू येऊन सोड."

जीप वळणाआड गेली. नागरत्ना मागं वळली तेव्हा शोभाबाई मेढीशी आलेल्या शेळीला काठी घेऊन हाकलत होती.

"हाट्! हाट्! जावयाचा खांब हाय त्यो!"