दुसरी मान

माझा धाकटा भाऊ डॉइल चष्मा घरी विसरला, म्हणून तो द्यायला मी त्या शनिवारी सकाळी धावपट्टीवर गेले. एरवी मी तिकडे फिरकत नाही. बेकर्सफील्डबाहेर कापसाच्या शेतांत ही युद्धकाळातली पट्टी आहे. विमानं गेल्यावर आमच्या बाबांच्या पिढीने तिच्यावर गाड्या पळवल्या, आणि बाबा तिच्यावरच मेले.

धुकं अजून उठलं नव्हतं. जळक्या रबराचा वास ओल्या हवेत अडकून बसला होता. डॉइल बाबांच्या बत्तीस सालच्या दोन दारांच्या कूपे गाडीत क्लचच्या दोन्ही बाजूंना पाय फाकवून बसला होता. बाबांच्या वेळी याच जागची क्लचची फिरती चकती फुटली, पत्रा फाडून वर आली आणि त्यांचे दोन्ही पाय गुडघ्यांखाली तोडून गेली.

"यावर पोलादी कवच घाल म्हटलं होतं ना तुला?"

"बाबांच्या गाडीत नव्हतं, ताई. गाडी होती तश्शीच पळणार."

"मग मरशीलही तस्साच, गाढवा!"

तो हसला आणि चष्मा लावला. एक थोबाडीत ठेवून द्यावीशी वाटली. द्यायला हवी होती.

समोर म्हातारा हार्लनकाका झेंडा घेऊन उभा होता. आमच्याकडे झेंडेवाला चालकाकडे बोट दाखवतो, चालक मान हलवतो, मगच झेंडा उडतो. बाबांच्या शेवटच्या शर्यतीत काकाने त्यांची मान हलायची वाट न पाहताच झेंडा उडवला. दचकून त्यांचा पाय क्लचवरून सटकला आणि चकती फुटली. आई मरेपर्यंत त्याला शिव्या घालत होती.

काकाने बोट दाखवलं. डॉइलने मान हलवली. झेंडा मात्र खालीच राहिला. काकाने पुन्हा त्याच गाडीकडे बोट दाखवलं.

"काका, उडवा की!" मी ओरडले.

"एकाची झाली..." तो पुटपुटला. "दुसऱ्याची बाकी आहे..."

"गाडीत एकटा डॉइल आहे, काका."

तो गाडीकडेच बघत होता. "या वेळी थांबलोय ना मी... बर्ल..."

बर्ल म्हणजे आमचे बाबा.

मग त्याला हवं ते दिसलं असावं. त्याने उडी मारून झेंडा उडवला.

गाडी वीतभरही सरकली नाही. आवाज कानांत नाही, दातांत शिरला. चकती फुटली. एक तुकडा छत फाडून गेला, दुसऱ्याने समोरची काच फोडून हार्लनकाकाचा गळा चिरला. तो झेंड्यासकट गुडघ्यांवर बसला आणि भळाभळा रक्त ओकत आडवा झाला.

मी गाडीकडे धावले. पाय ठेवायच्या जागी नुसता फाटका पत्रा होता. डॉइल गुडघे छातीशी घेऊन सीटवर बसला होता. पाय शाबूत होते.

"कुणीतरी घोटे धरून... वर उचलले, ताई..."

दोन्ही घोट्यांवर काळ्या ग्रीसचे पंजे उमटले होते. उजव्या पंज्याला मधलं बोट नव्हतं. बाबांचं ते बोट मी लहान असताना इंजिनाच्या पंख्यात गेलं होतं. मी तिथेच बसून ढसाढसा रडले. बाबांनी पोराला वाचवलं होतं.

ते डाग कशानेच गेले नाहीत. डॉइल नवी चकती बसवतोय. कवच नको म्हणतो, बाबा आहेत ना.

काल दुपारी तो गॅरेजात अर्धी चड्डी घालून गाडीखाली शिरला होता. घोटे स्वच्छ होते. पंजे वर सरकले होते, गुडघ्यांच्या जरा खाली, बाबांचे पाय जिथून तुटले होते तिथे. भोवतीचं मांस आत दबलं होतं, घट्ट धरल्यासारखं.