नाव नसलेल्या ओळी

सन २०७१. चिंचपाड्याच्या आरोग्यकेंद्रात दहा वर्षांची जसमा यंत्रमानवाशी भांडत होती. यंत्रमानवाचं नाव हिशेबी.

"पाड्याचा अर्भक मृत्युदर (हजार जन्मांमागे वर्षाच्या आत दगावलेली बाळं) शून्य. अभिनंदन," हिशेबी म्हणाला. "त्यामुळे उडता दवाखाना इथे येणार नाही."

"शून्य कसा? माझा भाऊ गेला की उन्हाळ्यात. आता काकूला आठवा लागलाय."

"तशी नोंद नाही."

जसमानं आजोबांना ओढत आणलं. डॉ. भुरा कास्देकर हे शहरात जाऊन शास्त्रज्ञ झालेले पाड्यातले पहिले. धुळीत पाऊल जपून टाकायचे आणि भाषणात मात्र 'माझी माती' म्हणायचे. हिशेबी त्यांनीच घडवला होता.

"बाळ चौथ्या दिवशी गेलं," आजोबा म्हणाले. "नोंद का नाही?"

"नाव नव्हतं. बिननावाची ओळ चूक समजून गाळायची. नियम तुमचाच, डॉक्टर."

आजोबा बाकावर बसले. पाड्यावर नाळ पडल्याशिवाय नाव ठेवत नाहीत. त्यांचं स्वतःचं नाव नवव्या दिवशी ठेवलं होतं.

"गाळलेल्या ओळी दाखव."

पडद्यावर चौदा ओळी आल्या. पाड्यात पाच वर्षांत एकशे चाळीस जन्म, चौदा मृत्यू : हजारी शंभर. शहरात हजारी दहा.

जसमानं हळूच विचारलं, "आमच्या रक्तातच खोट आहे का? शाळेतल्या बाई तसं म्हणतात."

"बाईंनी आकडे पाहिलेले नाहीत," हिशेबी म्हणाला. "तुमच्यातली जी कुटुंबं शहरात दवाखान्याजवळ राहतात, त्यांची बाळं शहराइतकीच जगतात. रक्त तेच."

"मग फरक कशाचा?"

"आईला रक्तक्षय (लोह कमी पडून अंगात रक्त कमी होणं)," आजोबा म्हणाले. "शेवटच्या दिवसापर्यंत मोळ्या वाहणं. दवाखाना चाळीस किलोमीटरवर. तिथे पोचलं तर नर्स हिडीसफिडीस करते, म्हणून पुढची बाई जातच नाही. आणि वर मी. मेलेली बाळं पुसून सगळं छान दाखवणारा."

त्यांनी नियम खोडला. हिशेबीनं पुन्हा मोजलं. "उडता दवाखाना सोमवारपासून. पहिली तपासणी तुझ्या काकूची."

जसमा हसली नाही. "हा नियम नसता, तर उन्हाळ्यात आला असता?"

आजोबांनी चौदा ओळींतली उन्हाळ्यातली ओळ शोधली.

"आला असता," ते म्हणाले. "बाळ वाचलं असतं का, ते मात्र आता कुणालाच मोजता येणार नाही."