शंखजिऱ्यातलं पाऊल

जळकोटच्या सडकेवर गफारच्या ट्रकचं टायर फुटलं, आणि ते ढकलत तो समोरच्या दादामियाँच्या चामड्याच्या कारखान्यात शिरला. त्यांच्या वडलांनी तिथं निजामाच्या फौजेसाठी घोड्यांचे जीन शिवलेले. फौज गेली, मग मोटा शिवल्या; विहिरींवर इंजनं आली, मोटाही गेल्या. आता टायरचे तळ लावून चपला व्हायच्या.

दादामियाँची लेक अजीजा चामडं कापत बसली होती.

"हे मेलेलं टायर घेता का?"

"मेलेलंच परवडतं आमाला," ती मान वर न करता म्हणाली.

मग तो दर जुम्म्याला येऊ लागला.

"तुमचा ट्रक लई कमनशिबी. दर जुम्म्याला टायर फुटतं?"

"फुटत न्हाय... फोडावं लागतं."

तिला हसू फुटलं. हाताचा धक्का लागून, रबर चिकटू नये म्हणून ठेवलेली शंखजिऱ्याची पांढरी पूड खाली पसरलेल्या रबरावर सांडली आणि ती लाजून, त्या पुडीतूनच, अनवाणी आत पळाली.

पुढच्या खेपेला त्यानं सुतळी पुढं ठेवली. बायकांच्या पावलाला परक्यानं हात लावायचा नाही, म्हणून माप असं सुतळीवर यायचं... एक गाठ लांबीची, एक रुंदीची.

"नवरीची जोडी हवी."

चामडं कापता कापता अजीजाची रापी थांबली. "कधी पाहिजे?"

"ईदच्या आधी."

गुलबर्ग्याच्या खालाचा, मावशीचा मुलगा तिला आधीच सांगून आला होता. त्याच दिवशी तिनं अब्बांना होकार दिला. जोडी मात्र जीव ओतून केली. तळाला त्याचंच पहिलं टायर लावलं. घालून पाहिली नाही. गिऱ्हाइकाच्या जोड्यात घरच्यानं पाय घालायचा नाही, हा आजोबांचा दंडक. स्वतःचं माप तिला ठाऊकच नव्हतं. जन्मभर बिघडलेल्या चपलाच वाट्याला आलेल्या.

गफार आला, तेव्हा ओसरीवर गुलबर्ग्याचे पाहुणे चहा पीत होते.

"घालून बघा."

"आमच्यात चालत न्हाय."

"पाऊल तुमचंच हाय. त्या दिवशी रबरावर उमटलं होतं... म्या मोजलं."

अजीजानं पाय घातला. कुठं चिमटा नाही, कुठं सैल नाही.

"अब्बांनी जबान दिलीय," ती म्हणाली. "मीच द्यायला लावली."

ओसरीवर कपबशा वाजल्या. त्यानं आपली सुतळी उचलून खिशात घातली.

"राहू द्या पायात. दुसऱ्या कुणाला व्हायच्या न्हाईत."

पुढच्या जुम्म्याला जळकोटवरून त्याचा ट्रक गेला. टायर फुटलं नाही.