चरातली भरती

दूध काढून झालं की लेंडर्ट आधी चराकडे जायचा, कॉफी मागाहून. ही सवय त्याला बापाकडून आलेली आणि बापाला आजोबांकडून. समुद्रसपाटीच्या खाली शेती करणाऱ्याला सकाळी पहिल्यांदा पाणीच बघावं लागतं. आता तो जर्मनीत होता, आल्टमार्कच्या रेताड माळावर, समुद्रापासून दोनशे किलोमीटर आत. तरी आल्या आल्या त्याने काम केलं ते हेच. गोठ्यामागच्या कुरणात तीनशे मीटरचा सरळ चर खणला.

शेजारचा श्टालमान कुंपणावर कोपरं टेकून खोदकाम बघत उभा होता. "इथे पाणी टिकत नाही म्हणून आम्ही रडतो, आणि तुम्ही डच लोक आल्याबरोबर ते काढून द्यायला निघालात," तो म्हणाला. गावात हा विनोद आठवडाभर चालला. आपण मनावर घेतलं नाही, असं लेंडर्ट सांगायचा. खरं तर त्या दिवसांत त्याला उठताबसता सगळंच लागत होतं.

रागाला कारण होतं. हॉलंडच्या किनाऱ्यावर, झीलंडमध्ये, त्याच्या घराण्याने पाच पिढ्या बांध राखून समुद्राला बाहेर ठेवलं होतं. मग सरकारने मोठ्या जहाजांसाठी नदी खोल केली, आणि त्या पापाचं प्रायश्चित्त म्हणून पाणपक्ष्यांना चिखल द्यायचं ठरवलं. चिखल कुठला, तर यांच्या शेतांचा. बांध मुद्दाम फोडायचा आणि बटाट्याच्या काळ्या जमिनीवर भरती सोडायची. चौदा शेतकरी होते. मेलो तरी सही करायची नाही असं चौदाही जणांनी चर्चच्या ओट्यावर उभं राहून ठरवलं, आणि तीन आठवड्यांनी लेंडर्ट एकटा शहरात जाऊन सही करून आला. पहिली सही त्याची. उन्हाळा संपेपर्यंत बाकीचे तेरा मोडले.

त्याचा बाप मारिनस ऐंशीचा होता. तो बरोबर आला, कारण मागे राहायला घरच उरलं नव्हतं. पण सहीचा कागद टेबलावर पाहिला त्या दिवसापासून त्याने मुलाशी बोलणं टाकलं. दोन वर्षं झाली. मिठाची बाटली लेंडर्टच्या हाताशी असली तरी म्हातारा सुनेला सांगायचा, यान्ना, मीठ दे. लेंडर्टला आता दोनच गोष्टी हव्या होत्या. ही जमीन कोरडी राहावी, आणि बापाने एकदा तरी नावाने हाक मारावी.

मे महिन्यातल्या एका सोमवारी चरात हातभर पाणी दिसलं. तीन आठवडे पाऊस नव्हता. लेंडर्ट तडक श्टालमानकडे गेला आणि पंप कुणाला विचारून सोडला म्हणून त्याच्यावर उखडला. श्टालमानकडे पंपच नव्हता. तो मुकाट्याने बरोबर आला, तेव्हा चर कोरडा होता. फक्त दोन्ही कडांवर एका उंचीची ओली रेघ होती.

मंगळवारी पाणी परत आलं, पण पन्नास मिनिटं उशिरा. लेंडर्टने गोठ्याच्या दारावर खडूने वेळा लिहायला घेतल्या. सोमवार आठ दहा, मंगळवार नऊ, बुधवार नऊ पन्नास. तो भरतीच्या काठी वाढलेला माणूस होता, त्याला हे गणित शिकवायची गरज नव्हती. म्हणूनच त्याला ते आणखी चीड आणणारं वाटलं. गुरुवारी तो दारापाशी आला तर चौथी ओळ आधीच लिहिलेली होती, बापाच्या थरथरत्या अक्षरात. दहा चाळीस. आणि दहा चाळीसला चर काठोकाठ भरला.

त्याने बोट बुडवून चाखलं आणि थुंकला. पाणी खारट होतं.

गाई तिकडे फिरकेनात. जूनमध्ये चराच्या कडेला गवत पिवळं पडलं आणि त्या जागी बिनपानांची, गुबगुबीत बोटं वर आली. खाजणात उगवते ती भाजी. यान्नाने ती खुडली, लोण्यात परतली आणि बटाट्यांबरोबर वाढली. ती तरी काय करणार, गावाकडची भाजी दिसली की हात आपोआप जातो. म्हाताऱ्याने प्रार्थना म्हटली आणि दोनदा मागून घेतली. दोन वर्षांत त्याने पहिल्यांदा काही मागून खाल्लं होतं. लेंडर्टने आपली ताटली भाजीसकट उकिरड्यावर नेऊन टाकली.

"जमीन दिली, घर दिलं. तरी पाठ सोडत नाही," तो परत येऊन म्हणाला. कुणाला म्हणाला ते यान्नाला कळलं नाही.

शनिवारी त्याने खोदयंत्र काढलं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत माती लोटत होता, जेवायलाही उतरला नाही. चर बुजला, वरून यंत्र फिरवून दाबला. रविवारी काम करायचं नाही हा त्यांचा रिवाज, तेव्हा चर्चहून आल्यावर तो नुसता बघत उभा राहिला. भरतीची वेळ आली आणि गेली. ढेकूळसुद्धा ओलं झालं नाही. तो घरात आला तो वर्षात प्रथमच शीळ घालत.

सोमवारी दुपारी पाऊण वाजता मारिनसचे पाय सुजले.

यान्नाने मोजे उतरवले तेव्हा ते पिळण्याइतके ओले होते. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत कातडी ताणून चकचकीत झाली होती. संध्याकाळी सूज पूर्ण उतरली. पोटऱ्यांवर पांढरी पूड राहिली, ती तिने ओल्या फडक्याने पुसली. मंगळवारी दीड वाजता सूज मांड्यांपर्यंत गेली. डॉक्टर आले, अंगातलं पाणी उतरवायच्या गोळ्या देऊन गेले. वय झालंय, असं म्हणाले. यान्ना गोळ्यांची डबी हातात घेऊन बसली आणि नवऱ्याकडे बघू लागली.

"उघड तो चर," ती म्हणाली.

"गप्प बस."

"वेळा बघ, लेंडर्ट. गोठ्याच्या दारावर जाऊन वेळा बघ."

बघायची गरज नव्हती. बुधवारी दोन वीसला म्हातारा कमरेपर्यंत फुगला, आणि गुरुवारी पौर्णिमा होती. पौर्णिमेचं उधाण म्हणजे काय ते त्या घरात तिघांनाही ठाऊक होतं.

गुरुवारी जेवणं झाल्यावर लेंडर्टने यंत्र सुरू केलं. दुसऱ्यांदा. दुसऱ्यांदा त्यानेच आपल्या हाताने समुद्राला वाट करून द्यायची, आणि या वेळी सही घ्यायलाही कुणी आलेलं नव्हतं. त्याने यंत्राचा पंजा जमिनीवर टेकवला.

अंगणातून म्हातारा येत होता. अनवाणी. यान्नाच्या खांद्यावर भार टाकून, मध्ये मध्ये थांबत. त्याच्यामागे फरशीवर ओली पावलं उमटत होती.

"लेंडर्ट," तो म्हणाला.

लेंडर्टने यंत्र बंद केलं.

"उघडू नकोस."

"बाबा, आज उधाण आहे. बुडाल तुम्ही."

"मला माहितीये किती वाजता. तू एकदा उघडलंस. तेवढं पुरे."

"मी नाही उघडलं, सरकारने उघडलं."

"पहिली सही तुझी होती." म्हाताऱ्याच्या आवाजात दोन वर्षं साठलेलं सगळं होतं. "आता निदान एकदा बंद ठेवून दाखव."

यान्ना ओरडली, बापलेकांना वेड लागलंय म्हणाली, स्वतः यंत्रावर चढायला धावली. लेंडर्टने तिचं मनगट धरलं. किती घट्ट धरलं ते त्याला पुढे आठवडाभर तिच्या हातावर दिसत राहिलं. म्हातारा माघारी वळला. स्वयंपाकघरातल्या आपल्या खुर्चीत बसला, कॉलरचं बटण लावलं आणि हात मांडीवर ठेवले.

लेंडर्ट समोर बसला.

तीन वाजले.

म्हातारा खोकला नाही. श्वास लहान होत गेला. कॉलर ओली झाली.

तीन दहाला त्याने मान टाकली. ओठांच्या कोपऱ्यातून पाणी आलं, हनुवटीवरून टपकलं. फरशीवर पसरलेल्या त्या पाण्यात बारीक करडी रेती होती.

लेंडर्ट खिडकीशी गेला. कुरण कोरडं होतं.

डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं लिहिलं. या वयात फुप्फुसात पाणी भरतं, म्हणाले. मातीला गाव आलं. श्टालमानने टोपी काढून हात हातात घेतला, आणि यंदा तुमचंच कुरण सगळ्यांत हिरवं आहे असं सांगितलं. ते खरं होतं. गाई शेवटच्या कुंपणापर्यंत चरत होत्या. यान्नाने नवऱ्याशी बोलणं टाकलं होतं, पण बापाने त्याला हाक मारली होती, आणि जमीन एक बोटभरही गेली नव्हती. लेंडर्ट सकाळी कुरणात उभा राहायचा आणि खुन्नसने पश्चिमेकडे बघायचा.

पंधरा दिवसांनी, अमावास्येला, तो दुपारी घरात आला आणि दारातल्या बाकावर बूट काढायला बसला. डावा निघेना. उजवाही निघेना. काल अडीचला ते जरा घट्ट वाटले होते, पण काल त्याने तिकडे लक्ष दिलं नव्हतं. त्याने घड्याळाकडे पाहिलं. तीन वीस.

"ये," तो दात आवळून म्हणाला. "ये, बघतो."

यान्नाने चुलीपाशी वळून पाहिलं. खणातून मोठी कात्री काढली, त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसली आणि बुटाचं चामडं वरून खाली कापत गेली. घोट्यापर्यंत आल्यावर पाणी तिच्या हातावरून वाहू लागलं. ती कापायची थांबली, आणि मग तिने आपल्या बोटातली अंगठी फिरवून पाहिली. अंगठी फिरली नाही.